शंभू आवाजाला भीत नाही

२५ ऑगस्ट, रविवार
लेकरू घरी आलं. सोलापूरच्या दवाखान्यातून ढोकीपर्यंत मी गाडीत टेप लावला नाही. असा प्रवास जन्मात पहिल्यांदा केला. श्रीदेवीनं त्याचं साधं कौतुकही केलं नाही, झोपून गेली.

पोरगं लवकर जन्मलं म्हणून काचेच्या पेटीत होतं. मग कावीळ झाली, ती वाढतच गेली, मग निळ्या लाइटखाली ठेवलं. आता सगळं ओके आहे. वजन कमी आहे, ते वाढेल. तिथल्या डॉक्टरांनी शर्ट काढून लेकराला उघड्या छातीशी धरायला शिकवलं. श्रीदेवीकडं रडतं. माझ्या छातीवर ठेवलं आणि मी बोलायला लागलो की गप झोपतं. माझा आवाजच तसा आहे. बसवेश साउंड सर्व्हिसचा मालक आहे मी. वरातीत माईक दुसऱ्याच्या हातात देत नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, की कानाची तपासणी नीट आली नाही, तीन महिन्यांनी परत करा. मशीनचं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. कुठंतरी कनेक्शन लूज असणार.

नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. लेकराचं रोज एक अपडेट टाकायचं. खरं तेच टाकायचं.

१ सप्टेंबर, रविवार
बारसं झालं. नाव शंभुलिंग. घरात शंभू.

माझी आयडिया अशी होती, की आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ते दुसऱ्या कुणाला ऐकूच जात नाही. एवढा मांडव घातलेला, लोक जेवायला आलेले, त्यांनी काय करायचं. म्हणून मी उमाताईच्या हातात कॉर्डलेस माईक दिला. ताई न्हाय म्हणत होती. मी म्हणालो, ताई, तू फक्त कुर्रर्र कर, बाकी मी बघतो.

ताईनं पाळण्यात तोंड घातलं, कुर्रर्र केलं आणि दोन्ही टॉपमधून, म्हणजे वरच्या बारीक आवाजाच्या स्पीकरांतून, जी शिट्टी बसली, ती पार कारखान्यापर्यंत गेली असेल. बायका कान दाबून बसल्या. पंगतीत वाढप्याच्या हातून आमटीची बादली सुटली. माझ्या दोस्ताची, मोबाइलवाल्या कुमारची, शंभूपेक्षा थोडी मोठी पोरगी आहे, ती निळी होईपर्यंत रडली. बायका ताईच्या पाठीत रीतीप्रमाणं धपाटे घालणार होत्या, त्यांनी ते जरा मनापासूनच घातले.

आणि शंभू झोपलेला. पापणीसुद्धा हलली नाही.

अपडेट टाकलं: शंभू आवाजाला भीत नाही. साउंडवाल्याचं रक्त आहे. लई लोकांनी अंगठे पाठवले. श्रीदेवी दिवसभर पाळण्याजवळून उठली नाही. दमली असेल.

१८ सप्टेंबर, बुधवार
काल विसर्जन. आमच्या घरासमोरून मिरवणूक गेली. साउंड माझंच. खिडकीच्या काचा वाजत होत्या. घरी येऊन विचारलं, की शंभू रडला का. श्रीदेवी म्हणाली, न्हाय. मी म्हणालो, शाब्बास. ती म्हणाली, की झोपेत पण दचकला न्हाय, मिरवणूक दारात आली तेव्हा फक्त डोळे उघडले. मी म्हणालो, बघ, ऐकलंच की मग. ती उठून आत गेली. तिचं न बोलणं अलीकडं वाढलं आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार
शंभू हसला. मला बघून. वजनही चांगलं भरलं. लस टोचली तेव्हा ताप आला, तोही उतरला. सगळं अपडेट टाकलं.

कुमारनं त्याच्या स्टेटसला व्हिडिओ टाकला. पोरगी पाठमोरी, कुमार मागून हाक मारतो, पोरगी वळून बघते. त्यात काय एवढं. कुमारचा आवाज इतका चिरका आहे, की कुणीही वळून बघेल.

व्हिडिओ श्रीदेवीनंही बघितला. परत परत बघितला. मग मला म्हणाली, की तुम्ही पण मागून हाक मारून बघा. मी म्हणालो, तो आता दूध पिऊन बसलाय, त्याचा मूड नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
कारखाना सुरू झाला. उसाचे ट्रॅक्टर दारावरून जातात, निम्म्या ट्रॅक्टरांचे टेप मीच बसवलेले. शेजारच्या घरातली म्हातारी मला रोज शिव्या देते. शंभू गाढ झोपतो. इतकं गुणी लेकरू पंचक्रोशीत नाही.

तीन महिने होत आले, तपासणीला चला, असं श्रीदेवी म्हणते. मी म्हणालो, सीझन आहे. ती म्हणाली, सीझन मार्चपर्यंत असतोय. मी म्हणालो, मग मार्चमध्ये जाऊ. यात चिडण्यासारखं काय होतं मला समजलं नाही. ती आत गेली आणि स्टीलचं ताट फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग परत पडला. मग तिसऱ्यांदा. मी म्हणालो, भांडी नीट धर की. आतून आवाज आला, की धरलीत नीट.

अव्वा म्हणाली, की लेकराच्या कानात मळ असंल, कोमट तेल सोडते. श्रीदेवीनं अव्वाच्या हातातून वाटी काढून घेतली. सासूच्या हातातून. मी मध्ये पडलो नाही. पण मळाचं मला पटलं. माझ्या कानातही लई मळ होतो.

२ डिसेंबर, सोमवार
दुपारी घरात कुणी नव्हतं. शंभूच्या मागं उभा राहिलो आणि हाक मारली. तो खुळखुळ्याकडं बघत होता. मोठ्यानं मारली. खुळखुळ्याकडंच. टाळी वाजवली. मग आणखी जवळून वाजवली. तेव्हा वळला आणि हसला.

वळला ही गोष्ट महत्त्वाची. टाळीचा वारा मानेला लागला असेल असा विचार मनात आला होता, तो काढून टाकला.

 

८ डिसेंबर, रविवार
आज सगळ्यांची तोंडं बंद केली.

शंभूला पाळण्यासकट गोडाऊनमध्ये नेलं. पाळणा बेसच्या मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवला. श्रीदेवीला मोबाइल धरायला लावला. मी मागं अँपजवळ, म्हणजे शंभूला दिसणार नाही असा. आणि बेस सोडला, एकदम जास्त नाही, बेताचा. शंभूनं दोन्ही हात पसरले, डोळे मोठे केले, पाय झाडले. बंद केला, शांत. परत सोडला, परत हात पसरले. एकदा सुद्धा चुकला नाही.

मला रडू आलं. धुळीनं नाही, खरंच आलं. जेवढ्या रात्री मी हे कुणाला बोललो नव्हतो तेवढ्या सगळ्या डोळ्यांतून बाहेर आल्या. श्रीदेवीला म्हणालो, बघ, ऐकतोय. ऐकतोय ना. सांग की.

ती म्हणाली, की आता बेस बंद करा आणि नुसता टॉप लावा.

मी म्हणालो, टॉप रिपेरीला गेलेत. ते तिच्या मागंच ठेवलेले होते. तिनं ते बघितले आणि मोबाइल खाली केला.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. एवढे बदाम लग्नाच्या फोटोला पण आले नव्हते. कुमारनं फक्त अंगठा पाठवला. जळतो.

३० डिसेंबर, सोमवार
वेळ अमावस्या, रानात जेवायचा सण. सगळे रानात. कडब्याची कोप उभारली, तिच्यात पूजा झाली, आंबील शिंपडत फेऱ्या मारल्या, भज्जी-भाकरी पोटभर झाली. बेंबळीहून उमाताई आली होती. रानात लाइट नाही, म्हणून साउंड नाही. मला हात कुठं ठेवावेत कळेना.

जेवण झाल्यावर शंभूला चिंचेखाली गोधडीवर टाकलं होतं. ज्वारीवर पाखरं बसली, म्हणून ताईनं पत्र्याचा डबा घेतला आणि काठीनं बडवायला लागली. शंभूच्या डोक्यामागं, पाचसहा पावलांवर. पाखरांचा थवा उठला. बांधावरचं कुत्रं पळालं. झोपलेली अव्वा उठून बसली आणि कोण मेलं म्हणून विचारू लागली. शंभू चिंचेच्या पानांकडं बघत होता.

ताईचा हात थांबला. तिनं शंभूकडं बघितलं, मग श्रीदेवीकडं, मग माझ्याकडं. परत एकदा बडवला, हळूच जवळ येऊन. मग डबा खाली ठेवला.

 मी म्हणालो, जमीन मऊ आहे, आवाज शोषून घेते. साउंडमधलं एवढं तर मला कळतं.

मला भीती वाटते. हे फक्त इथं लिहितो.

५ जानेवारी, रविवार
नीट विचार केला. चूक बारशाची आहे. नाव कानात सांगायचं असतं आणि आपण ते टॉपमधून सांगितलं. शिट्टी बसली त्यात नाव गेलंच नाही. ज्या लेकराला त्याचं नावच पोचलं नाही, ते हाकेला वळणार कसं. अव्वाला पटलं. ताईला फोन केला, की ये आणि परत सांग, माईक न घेता.

ताई आली. हिरवी साडी नेसून आली, बारशाचीच. पाळणा बांधला. बाहेरच्या कुणाला बोलावलं नाही. मी दारावरून जाणारा ट्रॅक्टर हात करून थांबवला आणि टेप बंद करायला लावला. ड्रायव्हर माझ्याकडं बघतच राहिला. सगळी गल्ली शांत झाली. पंखासुद्धा बंद केला.

ताईनं शंभूच्या कानाला ओठ लावले. कुर्रर्र केलं. नाव सांगितलं. तिच्या श्वासानं त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला. मग दुसऱ्या कानात सांगितलं. मग परत पहिल्या. शंभुलिंग, शंभुलिंग, असं म्हणत राहिली, आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज फुटला. अव्वानं रीत म्हणून तिच्या पाठीवर हात टाकला, धपाटा घालायला, तो तिथंच राहिला.

श्रीदेवीनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. म्हणाली, सोळा तारखेची वेळ घेतलीय, तुम्ही आला तर बरं, न्हायतर मी ताईंना घेऊन जाते.

मी म्हणालो, गाडी कोण चालवणार मग.

१६ जानेवारी, गुरुवार
सोलापूर. तपासणीसाठी लेकरू झोपलेलं लागतं. गुंगीचं औषध पाजलं. जे पोरगं मिरवणुकीत झोपतं, ते आज झोपेना. श्रीदेवीनं फिरवलं, ताईनं फिरवलं. शेवटी मी शर्टाची बटणं काढली, छातीवर घेतलं, आणि लग्नात वऱ्हाड्यांना जेवायला बोलावतो तसं बोलत राहिलो, हळू आवाजात. झोपलं. कानाच्या मॅडम, हर्षाली नाव, म्हणाल्या, की छान जमतं तुम्हाला. मी म्हणालो, माझा आवाज ओळखतो तो. हे मी फार ऐटीत म्हणालो.

डोक्याला वायरी लावल्या, कानात नळ्या घातल्या. मॅडम कॉम्प्युटरवर आवाज वाढवत गेल्या. आकडे मला वाचता येत होते. चाळीस, काही नाही. साठ, काही नाही. स्क्रीनवर आडवी रेघ. नव्वदला कुठं ती जराशी हलली. नव्वद डेसिबल म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरज नव्हती, माझं पोट त्याच्यावर चालतं.

मी म्हणालो, मॅडम, केबल बघा. त्यांनी बघितली. म्हणालो, पिन काढून परत लावा. त्यांनी लावली. म्हणालो, दुसरी वायर असेल तर. श्रीदेवीनं माझा हात धरला आणि म्हणाली, अहो, बसा आता.

मग मी बेसचं सांगितलं. व्हिडिओ दाखवला. मॅडमनी पूर्ण बघितला, हसल्या नाहीत. म्हणाल्या, की हे त्यानं ऐकलेलं नाही. बेस अंगाला कळतो. पाळणा हलला, ते त्याला जाणवलं. मी विचारलं, आणि छातीवर झोपतो ते. म्हणाल्या, तेही तसंच. तुम्ही बोलता तेव्हा छाती हलते.

मी विचारलं, माझ्या साउंडमुळं झालं का. म्हणाल्या, नाही, लवकर जन्म, कावीळ, त्यामुळं असू शकतं. मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल.

परत येताना टेप लावला नाही. ताई मागं शंभूला घेऊन बसली होती. नळदुर्गाचा फाटा आला तेव्हा लक्षात आलं, की मी ढोकीचा रस्ता सोडून भलतीकडंच आलोय.  गाडी वळवली.

१८ जानेवारी, शनिवार
ग्रुपवर सगळे विचारायला लागले. मी टाकलं: तपासणी छान झाली. शंभूनं चांगलं सहकार्य केलं. खोटं काहीच नाही त्यात.

थोड्या वेळानं त्याच्याखाली श्रीदेवीनं टाकलं: शंभूला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. मशीन बसवणार आहोत. कुणी त्याला मुका म्हणू नका आणि आम्हाला देवाचं काही सांगू नका.

 नंतर देवाचं सांगणारे आलेच, त्यांना तिनं काढून टाकलं. माझे सख्खे मामा गेले त्यात. अ‍ॅडमिन तिला मी केव्हा केलं आठवत नाही.

संध्याकाळी कुमार आला. गोडाऊनच्या पायरीवर बसला. म्हणाला, बेसचा व्हिडिओ बघूनच मला कळलं होतं रे, पण सांगायला तोंड झालं न्हाय. मी म्हणालो, मला पण कळलं होतं.  त्याच्या पोरीचं त्यानं काही सांगितलं नाही. मीच शेवटी विचारलं, की बोलते का. म्हणाला, न्हाय न्हाय, नुसती बडबड.

१० मार्च, सोमवार
कानाचे साचे तयार झाले. मशीन उद्या. गेला महिना मी वाया घालवलेला नाही. मोबाइलवर असे लई व्हिडिओ आहेत. लेकराला मशीन लावतात, बाप हाक मारतो, लेकरू बापाकडं बघून हसतं, घरातले सगळे रडतात. आपलंही तसंच करायचं. पहिला आवाज माझा, हे श्रीदेवीनं मान्य केलं आहे. आधी नुसतं शंभू म्हणायचं. मग थांबायचं. मग, मी तुझा बाबा. आरशासमोर प्रॅक्टिस केली. कुमार व्हिडिओ काढायला येणार, चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन.

सगळं ठरलेलं आहे. यात चुकायला जागाच नाही.

११ मार्च, मंगळवार
मशीन लावली. मॅडमनी चालू केली. शंभूनं तोंडातलं बोट काढलं. सगळे थांबले. मी पुढं वाकलो आणि म्हणालो, शंभू.

त्यानं माझ्याकडं बघितलं. खालचा ओठ पुढं आला. थरथरला. आणि मग त्यानं असं भोकाड पसरलं, की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. मी तुझा बाबा, हे जरा मोठ्यानं म्हणालो. मॅडम म्हणाल्या, अहो, एवढं ओरडू नका. मी ओरडत नव्हतो.

श्रीदेवीनं त्याला घेतलं आणि त्याच्या डोक्यामागून, अगदी हलकं, शंभू म्हणाली. तो रडता रडता थांबला. मान वळवली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि तिचं तोंड सापडल्यावर तिथंच बघत राहिला. श्रीदेवी रडली. ताई रडली. कुमार रडला आणि व्हिडिओ हलला.

हाकेला वळला. मी अपडेट टाकायला फोन काढला आणि काय लिहायचं ते सुचलं नाही.

१६ मार्च, रविवार
रोजची प्रगती. ताट वाजलं की वळतो. कोंबड्याला हसतो. ट्रॅक्टरचा टेप ऐकून रडला, शेजारच्या म्हातारीनं येऊन त्याचा मुका घेतला. अव्वाच्या हाकेला वळतो. कुमारच्या चिरक्या आवाजाला तर खिदळतो.

मी बोललो की रडतो.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, की घाबरू नका, त्याला सगळंच नवीन आहे. तुम्ही फक्त नॉर्मल आवाजात बोला. मी म्हणालो, हा नॉर्मलच आहे. त्या म्हणाल्या, की मी फोन कानापासून लांब धरलाय.

उद्यापासून हळू बोलायचं. घरात, दुकानात, सगळीकडं.

२३ मार्च, रविवार
हळू बोलणं जमत नाही. आठवडाभर सगळे मला काय काय म्हणून विचारत होते. एका गिऱ्हाइकानं बरं नाही का म्हणून औषध सुचवलं. शंभूजवळ जाऊन कुजबुजलो, तर तो हसला, मग मी खूश होऊन शाब्बास म्हणालो, मग तो रडला. श्रीदेवी म्हणते, होईल सवय, दोघांना पण.

दुपारी झोपायच्या आधी मशीन काढतात. काढली तरी किरकिर करत होता. श्रीदेवीकडं झोपेना, अव्वाकडं झोपेना. माझ्याकडं दिला. मी बटणं काढून त्याला छातीवर घेतलं आणि मला जसं येतं तसं बोलायला लागलो. मोठ्यानं. कारखान्याचं, ट्रॅक्टरचं, बेसचं, बारशातल्या शिट्टीचं. त्यानं गाल छातीला लावला, मूठ गळ्यावर ठेवली, आणि मी वाक्य संपवायच्या आत झोपला.

एकंदरीत शंभूला माझा आवाज लई आवडतो. फक्त तो ऐकू आला नाही पाहिजे.